गिरणीचा सा

कर्जत तालुक्यातले निम्मे घसे मी आतून पाहिलेले आहेत. बढाई मारत नाही, मी कंपाउंडर होतो. स्टेशनाजवळच्या दवाखान्यात डॉक्टर नाडी बघायचे, आणि "आ करा" म्हणून कापसाच्या बोळ्याने घशाला लाल औषध फासायचं काम माझं. घसा कुठे सुजतो, कशाने धरतो, कशाने सुटतो, सगळं मला तोंडपाठ. फक्त त्यातून गाणं कसं बाहेर काढतात तेवढं ठाऊक नव्हतं. आणि पस्तिशी उलटल्यावर नेमकं तेच करायची पाळी माझ्यावर आली.

आमचं गाव कर्जतपासून तासाभराच्या चालीवर, नदी ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी. गावचा देव बहिरी. चैत्री पुनवेला सकाळी त्याची पालखी निघते आणि शिवारभर फिरते. तोवर राब भाजून झालेले असतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळा जाळून तयार झालेली असते. पेरणीआधी देवाने एकदा शेतं नजरेखालून घालावीत, अशी रीत. पण आमचा देव असातसा उठत नाही. आमच्या घरातल्या पुरुषाने गाभाऱ्यासमोर उभं राहून त्याला पद म्हणून दाखवावं लागतं. हा मान आमच्या घराचा. पद माझ्या खापरपणजोबाने रचलं, आणि ते दोनच ओळींचं आहे.

ऊठ देवा, चल शिवारी, राब भाजून झाला रं
पाय लागू दे बांधाला, भात मागतो तुला रं

कवित्व म्हणून यात फार काही नाही, हे घरचा माणूस म्हणून मीच सांगून टाकतो. खरी गोम आहे ती शेवटच्या "रं"मध्ये. तो वर न्यायचा आणि धरून ठेवायचा. तो धरलेला असतानाच चार खांदेकऱ्यांनी पालखी उचलायची आणि देवळाच्या उंबऱ्याबाहेर काढायची. "रं" चालू तोवर पालखी चालू. उंबऱ्याच्या आत तो तुटला, तर पालखी खाली ठेवायची, आणि मान त्या घरातून गेला. कुठे गेला? खालच्या आळीत, आमच्या भाऊबंदांकडे. तिथे माझा एक चुलतभाऊ होता. त्याचा गळा इतका गोड की तो म्हशींना हाका मारी तेव्हासुद्धा बायका हातातलं काम थांबवीत. मला तो लहानपणापासून आवडत नाही.

चाळीस वर्षं हे पद माझ्या काकाने म्हटलं. माझे वडील मला आठवत नाहीत. मला वाढवलं ते काकाने, आणि त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. माणूस फणसासारखा म्हणावं तर आतले गरे आम्हांला फारसे कधी दिसले नाहीत. पण गळा! एका वर्षी त्याचा "रं" संपेना, तेव्हा खांदेकरी पालखी घेऊन थेट पिंपळाच्या पारापर्यंत गेले होते. मी दहाएक वर्षांचा असताना आरतीत त्याच्या शेजारी उभा राहून जोरात गायलो. काकाने माझ्याकडे न बघता तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाला, "तू टाळ वाजव." पुढच्या आठवड्यात टाळही काढून घेतला.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीच्या चैत्रात काकाचा आवाज गेला. पद म्हणताना "रं" वर नेला, आणि तिथेच खोकल्याची उबळ आली. पालखी उंबऱ्यावर. पुढचे दोघे बाहेर, मागचे दोघे आत, आणि "रं"चा पत्ता नाही. गावचे पंच पालखी तशीच अधांतरी ठेवून भांडले. अखेर ठरलं की खोकल्यातसुद्धा थोडा "रं" ऐकू आला होता, म्हणून यंदा चालवून घ्यावं. पालखी गेली. काका देवळाच्या पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "फुडल्या साली पुतन्या म्हनंल." सगळं गाव हसलं. चुलतभाऊ सभ्य, तो तोंड फिरवून हसला. काका हसला नाही. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही, आणि मग कधीच त्या विषयावर बोलला नाही.

मी मात्र जाम घाबरलो. मान गेला तर काका ते वर्ष काढायचा नाही, हे मला नाडी न बघता कळत होतं.

मग शिकायचं तर कुणाकडे? आणि मुख्य म्हणजे काकाला कळू न देता कसं? कारण काकाचं म्हणणं ठरलेलं होतं. "आपल्या घरात गळा शिकाया कोन गेला नाय. गळा येतो. शिकून गातात ते तमासगीर." त्याला पत्ता लागला असता तर त्याने मला पालखीखालीच घातलं असतं.

देवाला काळजी. दिवाळीच्या सुमाराला दवाखान्यात एक म्हातारा गृहस्थ घसा दाखवायला आला. मी बोळा घेऊन म्हटलं, "आ करा." त्याने आ केला, पण कसा! बाकावरचे रोगी सरळ होऊन बसले. एक बाई तर बरी होऊन गेली असं मी नंतर सांगत असे, पण ते खोटं आहे. हे गृहस्थ पूर्वी एका नाटक कंपनीत पेटी वाजवत, कंपनी बुडाल्यावर कर्जतशेजारच्या भिसेगावात बहिणीकडे येऊन राहिले होते. सगळे त्यांना बुवा म्हणत. मी त्यांचा घसा रंगवता रंगवता माझी सगळी कर्मकथा सांगून टाकली. त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं, त्याचा मी फायदा घेतला.

तोंड मोकळं झाल्यावर बुवा म्हणाले, "दुपारी या. गिरणी चालू असेल तेव्हा."

गिरणीचा काय संबंध ते मला कळेना. दवाखाना एक ते चार बंद असे, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी दीडच्या ठोक्याला भिसेगावात हजर. बुवांच्या खोलीला लागून भाताची गिरणी होती. मध्ये एकच भिंत. पलीकडे ऑइल इंजिन धडधडत होतं, भात सडायचं यंत्र घुंऽऽऽ करत होतं, आणि पट्ट्याचा जोड दर फेरीला चाकावर चट, चट वाजत होता. खोलीतली भांडी हलत होती. बुवांनी मला समोर बसवलं.

"पेटी कुठाय?" मी विचारलं.

"भाता उंदरांनी खाल्ला."

"मग तंबोरा?"

बुवांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ऐका. काळी दोन. पेटीची दुसरी काळी पट्टी, बरोब्बर काळी दोन! सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत एकच सूर, खुंटी पिळायला नको की तार बदलायला नको. आणि तो चट ऐकलात? ती लय. अहो, मोठमोठ्या गवयांच्या घरी नाही असला तंबोरा. म्हणा सा."

मी "सा" म्हटलं.

बुवांनी कानात करंगळी घालून हलवली. मग म्हणाले, "हा सा नाही. ही तक्रार झाली."

पुन्हा म्हटलं. बुवांची बहीण आतून डोकावून बघून गेली.

"कंपाउंडर, तुम्ही सुरावर का धावून जाता? तो काही पळत नाही. भिंतीला कान लावा."

मी भिंतीला कान लावला. सगळं डोकं घुंऽऽऽ झालं. त्यातच हळूच तोंड उघडलं, आणि बुवांनी मांडीवर थाप मारली. "हां! आता गिरणीत आणि तुमच्यात फक्त एक भिंत राहिली." मला इतका आनंद झाला की परत जाताना मी एका ओळखीच्या रोग्याला उगीचच मिठी मारली. त्याला खरूज होती.

असे आमचे दिवस सुरू झाले. बुवांनी फी घेतली नाही. आठवड्याला ज्येष्ठमधाच्या काढ्याची एक बाटली, एवढंच त्यांचं मागणं. डॉक्टरांना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली, दवाखान्यात आवाज लावायचा नाही. कारण पहिल्याच आठवड्यात मी एकाच्या घशाला औषध लावताना नकळत "सा" धरला होता, आणि तो इसम तोंडात बोळ्यासकट पळून गेला होता. बोळा त्याने दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे परत आणून दिला.

बुवांचीही एक अट होती. "गिरणीशिवाय तोंड उघडायचं नाही. घरी, रस्त्यात, नदीवर, कुठेही नाही. कच्चं मडकं आहात, आपल्या मनाने वाजाल तर फुटाल." मला ते बरंच वाटलं. घरी गायचं नाही म्हणजे काकाला कळायचं नाही.

गिरणीला जे होईल ते मला होई. यंत्रात भात जास्त पडला की इंजिन दबे, सूर खाली येई, आणि मीही मुकाट्याने खाली येई. मध्येच काम थांबवताना गिरणीवाला इंजिन मंद करून "पट्टा उतरवा" म्हणून ओरडे, घुंऽऽऽ बसत जाई, आणि मीही बसत जाई. एकदा पट्टा निसटला. पट्टा निसटला की इंजिन मोकळं सुटतं. ते सुसाट वर चढलं, त्याच्या मागोमाग मी वर चढलो. डोळे पांढरे, मान ताणलेली, "रंऽऽऽ" छपराला लागलेला, आणि बुवा ओरडताहेत, "उतरा! अहो कंपाउंडर, खाली उतरा!" पण गिरणी उतरल्याशिवाय मी उतरणार कसा? पलीकडे कुणीतरी इंजिन बंद केलं तेव्हा कुठे मी जमिनीवर आलो. भिंतीपलीकडून हसण्याचा मोठा आवाज आला. मला वाटलं, ते पट्ट्याला हसताहेत.

माझी अक्कल बघा. त्या गिरणीत आमच्या गावचंही भात यायचं. पंचक्रोशीचंच यायचं. सुगी झाली की गाड्या भरून लोक येत आणि नंबर लागेपर्यंत भिंतीच्या सावलीत पोत्यांवर तासन्‌तास बसून राहत. बायका तांदूळ निवडत, पानतंबाखू चाले. हे सगळं मला माहीत होतं. माझी स्वतःची बायको आमची गाडी घेऊन तिथे जायची हेही माहीत होतं. पण भिंत आमच्या बाजूने जाड दिसायची, म्हणून ती त्यांच्या बाजूनेही जाड असेल असं मी धरून चाललो होतो.

घरी पथ्यावरून मात्र थोडी भानगड झाली. बुवांनी आंबट बंद केलं होतं. चिंच नाही, ताक नाही, कोकम नाही. पहिल्याच दिवशी मी आमटी बाजूला सारली तशी बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवो, चिंच नको म्हंजे? आमटीत काय घालू, साखर?"

"घसा धरतो," मी म्हटलं.

"अख्ख्या कर्जतचे घसे सोडवता तुमी, आनि तुमचाच धरतो व्हय?"

कोपऱ्यात काका जेवत होता. तो वर न बघता घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नको घालू चिंच. बिनचिंचेची करीत जा." मला वाटलं, त्यालाच खोकल्यामुळे चालत नसेल. त्या थंडीत काकाला आणखीही एक खूळ लागलं होतं. दर खेपेला तो भाताच्या गाडीत चढून बसायचा. त्याच्या छातीला गिरणीचा कोंडा बरा नव्हे, मी कंपाउंडर म्हणून दहा वेळा सांगितलं. "म्हशीला कोंडा आनतो," म्हणून तो माझं बोलणं उडवून लावी. आमची म्हैस तेवढ्या कोंड्यावर हत्तीएवढी व्हायला हवी होती.

माघ गेला, फाल्गुन लागला. माझं पद बसलं. खरंच बसलं हो! बुवांनी एका दुपारी डोळे मिटून दोन्ही ओळी ऐकल्या. "रं" मी असा धरला की पट्ट्याचे वीस चट झाले तरी सोडला नाही. बुवांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मी आयुष्यात पुष्कळांना गाणं शिकवलं. पण इतक्या खालून कुणाला वर आणलं नव्हतं." मी त्यांच्या पाया पडलो. होळीनंतर भात संपत आलं, गिरणी आठवड्यातून दोन दिवस चालू लागली, मग बंद झाली. आमची शिकवणीही बंद झाली. "आता थेट देवासमोर," बुवा म्हणाले. त्या दिवशी पद ऐकायला मी त्यांना गावी बोलावलं.

चैत्री पुनव उजाडली. देवळात पाय ठेवायला जागा नाही. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. खांदेकरी पालखीच्या दांड्यांशी वाकून तयार. गाभाऱ्याच्या खांबाला टेकून काका उभा, हातात काठी, तोंड नेहमीसारखं एरंडेल प्यायल्याचं. चुलतभाऊ पहिल्या रांगेत. त्याने कोरा सदरा घातला होता आणि अधूनमधून हळूच खाकरून गळा मोकळा करीत होता. बुवा दाराशी बसले होते, त्यांनी मला मान हलवून धीर दिला.

गुरवाने घंटा वाजवली. सगळं शांत झालं.

फार शांत झालं. इतकं शांत की मला माझ्याच कानात वाऱ्याची शीळ ऐकू यायला लागली. मी तोंड उघडलं आणि सा शोधायला गेलो, तर तिथे कोणी नाही. आजूबाजूला बघितलं. भिंत होती, पण भिंतीपलीकडे गिरणी नव्हती, करवंदीच्या जाळ्या होत्या. पाच महिन्यांत गिरणीशिवाय मी एक अक्षर गायलो नव्हतो, हे मला त्या घटकेला कळलं. बुवांकडे बघितलं. त्यांनाही त्याच घटकेला कळलं. बिचारे पांढरेफटक पडले आणि कोटाचे खिसे चाचपू लागले.

मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. खांदेकरी वाकलेलेच. कुणीतरी खुसखुसलं. एक पंच म्हणाला, "बहिरी हाय देव, बिनघोर म्हन." हा विनोद गावातल्या प्रत्येकाने वर्षभरात मला एकेकदा ऐकवला होता, तेव्हा हसूही येईना. चुलतभावाने आता जरा मोठ्याने खाकरलं, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी काकाकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

घुंऽऽऽऽ.

माझी बायको! पदर तोंडाला लावून, डोळे माझ्यावर रोखून, नाकातून घुंऽऽऽ करत होती. बरोबर काळी दोन. तिच्या शेजारणीने सूर धरला. मग मागच्या चौघींनी. मग सगळ्यांनी. अहो, सगळ्याच गिरणीत जाऊन बसलेल्या, सगळ्यांच्या कानात ती पाच महिने घुमलेली! देऊळ घुमायला लागलं, समया थरथरल्या. पुरुषांनी हसत हसत खालून इंजिनाचं ढुक ढुक ढुक ढुक सुरू केलं. चुलतभावाचं पुढे टाकलेलं पाऊल तसंच राहिलं, आणि तोही घुंऽऽऽ करायला लागला. त्याचाच सगळ्यांत सुरेल होता, मेल्याचा.

फक्त एक कमी होतं. मी पट्ट्याच्या जोडाची वाट बघत होतो. सुरुवात कुठून करायची ते मला तोच सांगायचा.

चट.

दगडी फरशीवर काठी. चट. पुन्हा, चट. काका खाली बघून ठोके देत होता, एकसारखे, थेट पट्ट्यासारखे. मी डोळे मिटले, भिसेगावच्या त्या खोलीत गेलो आणि सुटलो.

"ऊठ देवाऽऽ, चल शिवारीऽऽ…"

दुसरी ओळ आली. "रं" वर गेला. पालखी उचलली गेल्याचं मला लाकडाच्या करकरीवरून कळलं. पावलं वाजली, उंबरा ओलांडला, बाहेर ढोल वाजला, लोक ओरडले. झालं होतं! मान राहिला होता. आता थांबायला हरकत नव्हती.

पण गिरणी थांबेना. बायकांना चेव आला होता, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलून धरी. आणि गिरणी चालू असताना थांबायचं कसं, हे मला बुवांनी शिकवलंच नव्हतं! इकडे गिरणी थांबत नाही म्हणून मी थांबत नाही, आणि "रं" चालू तोवर पालखी चालू, म्हणून तिकडे खांदेकरी थांबत नाहीत. पालखी पारापर्यंत गेली. पार ओलांडून पुढे गेली. मध्ये दम घ्यायला मी थोडी चोरी केली असेन, बायकांच्या आवाजात ती खपली. पालखी पहिल्या बांधावर चढल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बुवा दाराशी दोन्ही हात हलवून "उतरा, उतरा" करत होते. आणि तेव्हा खांबापासून, त्या फुटक्या, खोकल्याने चिरलेल्या गळ्याने, काका ओरडला.

"पट्टा उतरवा गं!"

आणि बायका उतरल्या. घुंऽऽ, घुं, उं, म्… जसं इंजिन बसत जातं तशा. त्यांच्याबरोबर मी बसत गेलो, आणि शेवटी खराच खाली बसलो. गावात त्या दिवशी जे हसणं सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं.

देऊळ रिकामं झालं तेव्हा काका जवळ आला. मला वाटलं, आता चोरून शिकल्याचा हिशेब होणार. त्याने काठीने माझ्या पायाला ढोसलं.

"रं लई लांबला," तो म्हणाला. "खांदेकऱ्यांचं खांदं गेलं." आणि पालखीच्या मागे निघून गेला.

त्यानंतर काका आणखी दोन चैत्र जगला आणि दोन्ही वर्षं त्याने काठी वाजवली. बुवा गेले, ते इंजिनही गेलं, आता गिरणीत विजेची मोटर आहे आणि तिचा सूर मला मुळीच लागत नाही. पण आमच्या देवळात अजून पदाआधी सगळं गाव घुंऽऽऽ करतं. नव्या सुना आल्या की त्यांना सासवा शिकवतात. परगावचा एक शास्त्री मध्यंतरी ऐकून गेला. हा प्राचीन नादब्रह्माचा प्रकार आहे असं त्याचं मत पडलं, आणि गावाने ते ताबडतोब मान्य केलं. शेवटी कुणीतरी "पट्टा उतरवा" म्हणतो. त्याचा अर्थ शास्त्र्यालाही लागला नाही.

काकाचं तेरावं झालं त्या दिवशी मी बायकोला विचारलं, काकाला पट्ट्याचा चट इतका नेमका कसा ठाऊक. ती ताटं घासत होती.

"दर गाडीला येत व्हते की. तुमच्याच भिंतीला पाठ लावून बसायचे. म्हशीला कोंडा घ्यायचं ध्यानातबी राहायचं नाय, मीच भरून घ्यायची."

"नंबर लागेपर्यंत?"

"कसला नंबर!" ती म्हणाली. "नंबर आला तरी उठायचे नाय. गिरणीवाला हाक मारायचा, तर मागच्याला सांगायचे, तू घे फुडं. आमचं पोरगं म्हनतंय अजून."

त्या पोरग्याला तेव्हा छत्तिसावं लागलं होतं.